वेळ काढावा लागतो!

फास्ट फिल्म, बारीक रवा आणि मे महिन्यातलं मुंबईचं पाणी. तिघांचं जमवायचं तर किती मिनिटं लागतात?

इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटावर ‘दोन मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या घरी कधी दोन मिनिटांत झालेत? नाही ना? गॅस मोठा की बारीक, पातेलं जाड की पातळ, पाणी कपभर की दीड कप... सगळं ज्याचं त्याचं. तरीही आपण पाकीट वाचतोच. कारण कुठून तरी सुरुवात करावी लागते!

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणाऱ्यांचं डिट्टो असंच असतं. हो, आम्ही लोक अजून आहोत. रोल धुवायला टाकायची दुकानं एकेक करत बंद झाली, पण बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून, अंधारात रीळ चढवणारी जमात काही संपली नाही. मी त्यातली एक. मास कॉम केलं, आता फ्रीलान्स पत्रकारिता करते. पोटासाठी डिजिटल, मनासाठी फिल्म, असा साधा हिशेब. ‘इतका खर्च कशाला?’ या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. एका रोलच्या पैशांत दोघांचं झकास जेवण होतं, हे मला माहीत आहे!

तर, यंदाच्या एप्रिलमध्ये एका प्रश्नानं माझी झोप उडवली होती. लग्न कधी, हा तो प्रश्न नाही (तोही होताच). प्रश्न असा होता, की फास्ट फिल्म फाइन-ग्रेन डेव्हलपरमध्ये नेमकी किती मिनिटं ठेवायची?

हसू नका. त्या मिनिटांवर बरंच काही अवलंबून होतं.

आमची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. मेअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आजी लग्न होऊन ज्या दहा बाय बाराच्या खोलीत आली, त्याच खोलीत तिनं एकसष्ट वर्षं काढली. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी गॅलरीत जमायचं ठरलं. आणि आईनं मला ऑर्डर दिली, ‘‘नव्या हॉलमध्ये लावायला एक मोठा फोटो हवा. दोन फुटी. तुझ्या त्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यातला चालेल. पण चेहऱ्यांवर रवा नको हं!’’

रवा म्हणजे ग्रेन. माझ्या आधीच्या एका फोटोकडे बघून आई म्हणाली होती, ‘‘छान आहे गं, पण वरून रवा सांडल्यासारखं का दिसतंय?’’ चार वर्षांच्या डिग्रीत मला ग्रेनची इतकी नेमकी व्याख्या कुणी शिकवली नव्हती.

जाडा रवा, बारीक रवा

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. स्फटिक मोठे, तर त्यांना थोडासा उजेडही पुरतो. ती फास्ट फिल्म. स्फटिक लहान, तर उजेड भरपूर लागतो, पण फोटो मऊसूत येतो. ती स्लो फिल्म. म्हणजे शिऱ्यासारखंच की! जाड्या रव्याचा शिरा मोकळा होतो, बारीक रव्याचा गुळगुळीत.

आता आमच्या गॅलरीत संध्याकाळी उजेड किती? दोन ट्यूबलाइट आणि जिन्यातला एक पिवळा बल्ब. स्लो फिल्म तिथे निव्वळ झोपली असती. म्हणून मी इल्फर्डची एचपी फाइव्ह प्लस घ्यायची ठरवली. आयएसओ ४००, दणकट, स्वभावानं समजूतदार. मित्रांचा सल्ला होता, ‘१६०० वर पुश कर, बिनधास्त!’ पुश करायचं म्हणजे फिल्मला मुद्दाम कमी उजेड द्यायचा आणि डेव्हलपरमध्ये ती जास्त वेळ ठेवायची. दिसायला भारी दिसतं, पण त्यात रवा आणखी जाड होतो. आणि आईची अट तर तुम्ही ऐकलीच.

उरला उपाय फाइन-ग्रेन डेव्हलपरचा. याचा फंडा सोपा आहे. त्यात सोडियम सल्फाइट भरपूर असतं, लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास. ते स्फटिकांच्या कडा हळूहळू विरघळवतं. नदीतल्या दगडाची टोकं झिजून गोटा व्हावा, तसं. रवा बारीक दिसतो. पण फुकट काही मिळत नाही, बॉस! बदल्यात फोटोची धार थोडी बोथट होते आणि अनेकदा फिल्मचा थोडा स्पीडही जातो. म्हणजे फास्ट फिल्म घ्यायची आणि तिचा वेग आपणच कमी करायचा. डाएट मिसळ मागवण्यातलाच प्रकार!

सल्फेट नव्हे, सल्फाइट!

इल्फर्डचा परसेप्टॉल हा तयार फाइन-ग्रेन डेव्हलपर आहे, पण मला हवा तेव्हा तो मुंबईत मिळेना. कोडॅकचा मायक्रोडॉल-एक्स तर कधीच बंद झाला. मग मी जुन्या पुस्तकातला एक फॉर्म्युला काढला. डी-२३. कोडॅकच्या हेन आणि क्रॅबट्री यांनी तो १९४४ मध्ये मांडला होता. त्यात दोनच वस्तू : मेटॉल साडेसात ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. बस्स! आमच्या आमटीला यापेक्षा जास्त जिन्नस लागतात.

प्रिन्सेस स्ट्रीटवर केमिकलची दुकानं आहेत. तिथे मी तीनदा उच्चारून सांगितलं, ‘‘सल्फेट नाही, सल्फाइट. आणि अॅनहायड्रस.’’ एका अक्षराच्या फरकानं सगळं मुसळ केरात जातं. काउंटरवरच्या दादांनी आधी संशयानं पाहिलं. फोटोसाठी हवंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ‘‘अजून धुतात का कुणी?’’ म्हणाले.

मिसळण्याचीही एक रीत आहे. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं, त्यानंतर उरलेलं सल्फाइट. सल्फाइट सगळं आधीच टाकलं, तर मेटॉल रुसून तळाशी बसतं. मेटॉलनं काहींच्या हातांना ॲलर्जी येते, म्हणून ग्लव्ह्ज मस्ट. आणि केमिकलची भांडी, चमचे, वजनकाटा वेगळेच ठेवायचे. आईनं ही शेवटची अट माझ्याआधी घातली होती.

डेव्हलपर तयार झाला. आता मिनिटं? इल्फर्डच्या चार्टमध्ये एचपी फाइव्ह प्लससाठी नेहमीच्या आयडी-११ या डेव्हलपरची वेळ आहे. न पातळ करता वापरला तर साडेसात मिनिटं. एकास एक पाणी घातलं तर तेरा. एकास तीन केलं तर वीस. म्हणजे एकच फिल्म, एकच डेव्हलपर, आणि वेळा तीन! डी-२३ चं मात्र त्या चार्टमध्ये नावच नाही.

चार्ट त्यांचा, पाणी आपलं

गिरगावातच एक स्टुडिओवाले काका आहेत. ऐंशीच्या पुढचे. आईबाबांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. स्टुडिओ बंद झालाय, पण डोकं शाबूत आहे. मी चार्ट घेऊन त्यांच्याकडे गेले.

‘‘काका, डी-२३ ला किती मिनिटं देऊ?’’

त्यांनी चार्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘हा कितीवर आहे?’’

‘‘वीस अंश सेल्सिअस.’’

‘‘आणि तुझ्या नळाला?’’

मी थर्मामीटर घालून पाहिलंच होतं. एकतीस.

काका हसले. ‘‘चार्ट त्यांचा, पाणी आपलं. त्यांच्याकडे वीस म्हणजे नळाचं पाणी, पोरी. आपल्याकडे वीस म्हणजे बर्फाची लादी.’’

खरं होतं. ही फिल्म बनते इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात, मोबर्ली गावात. तिथल्या माणसाला वीस अंश म्हणजे घरचंच हवामान. आपल्याकडे मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आंघोळीलाही गरम लागतं. आणि डेव्हलपर तर उष्णतेत पळतो. ढोबळ हिशेब असा, की दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटते. वीस अंशांना नऊ मिनिटं लागत असतील, तर एकतीसला जेमतेम तीन. तीन मिनिटांत डेव्हलपर ओतण्यात आणि काढण्यातच पंधरा-वीस सेकंद जातात, त्यामुळे फिल्म एकसारखी धुतली जात नाही. पाच मिनिटांच्या खाली जायचं नाही, हा जुना नियम त्यासाठीच.

काका म्हणाले, ‘‘वीसच्या मागे लागू नकोस. तुला दरवेळी ठेवता येईल असा आकडा धर. तो एकदा धरलास की सोडू नकोस. मग त्याचा वेळ काढ.’’

‘वेळ काढ’ हे त्यांनी किती सहज म्हटलं! आपण एरवी वेळ काढतो तो जिमला, मित्रांना, आईच्या फोनला. इथे वेळ खरोखरच काढायचा असतो. गणितासारखा, विहिरीतून पाणी काढल्यासारखा. आयता कुणी देत नाही.

मी चोवीस अंश धरले. बादलीत पाणी, त्यात फ्रीजमधला बर्फ पिशवीत बांधून, आणि मधोमध डेव्हलपरची बाटली. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होऊन सगळा हिशेब चुकतो, म्हणून पिशवी. आमच्या उकाड्यात चोवीस अंश दहा मिनिटं टिकतात. वीस टिकवायला मला बर्फवाल्याशीच लग्न करावं लागलं असतं. (आई, हे वाचत असशील तर, जोक होता!)

बाबा, छत्री आणि सदरा

आता टेस्ट. नियम जुना आहे : सावल्यांसाठी उजेड द्या, उजळ भागासाठी डेव्हलप करा. म्हणजे काय, तर काळोख्या भागात तपशील येणार की नाही, हे फोटो काढतानाच ठरतं. पांढरं किती पांढरं होणार, हे मुख्यतः धुण्याच्या मिनिटांवर ठरतं. म्हणून टेस्टच्या फ्रेममध्ये काळंकुट्ट आणि पांढरंशुभ्र, दोन्ही हवं.

बाबांना मी संध्याकाळी गॅलरीत, त्याच ट्यूबलाइटखाली, खुर्चीवर बसवलं. अंगात पांढरा सदरा, मांडीवर मिटलेली काळी छत्री. बाबा म्हणाले, ‘‘पावसाळ्याला अजून महिना आहे.’’ पण बसले बिचारे.

मीटरवर स्पीड बदलत पाच फ्रेम घेतल्या. १००, २००, २५०, ४००, ८००. मग तेच पुन्हा एकदा. त्यानंतर लेन्सला टोपण लावून दोन कोऱ्या फ्रेम. झाल्या बारा. असं तीनदा केलं की छत्तीसचा रोल संपला. रात्री मिट्ट अंधारात, दोरीला मारलेल्या गाठींच्या अंदाजानं रोलचे तीन तुकडे केले. चोवीस अंशांनाच पहिला सहा मिनिटं धुतला, दुसरा साडेसात, तिसरा नऊ. प्रत्येक तुकड्याला नवा ३०० मिली डेव्हलपर. टँक हलवायची पद्धत तीच : दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा. यात घड्याळाइतकाच हातही मोजला जातो. जोरजोरात जास्त वेळा हलवलं तर तेवढ्याच मिनिटांत फिल्म जास्त धुतली जाते. दुसऱ्याची मिनिटं आपल्याला जशीच्या तशी लागू न पडण्याचं हेही एक कारण. त्याचा हात आपल्याला कुठे ठाऊक असतो?

सकाळी वाळलेले तिन्ही तुकडे घेऊन काकांकडे. त्यांनी ते दिव्याकडे धरलेच नाहीत. टेबलावर सकाळचा पेपर पसरला आणि निगेटिव्ह त्यावर ठेवली.

‘‘निगेटिव्हमध्ये सदरा काळा दिसतो ना? त्या काळ्यातून खालची बातमी जेमतेम वाचता आली पाहिजे. अजिबात वाचता येत नाही, तर जास्त शिजलं. घडाघडा वाचता येते, तर कच्चं.’’

इतकं सोपं! नऊ मिनिटांच्या तुकड्यात हेडलाइनसुद्धा दिसेना. म्हणजे प्रिंटमध्ये सदऱ्याला चुना फासल्यासारखं झालं असतं. सहावाल्यात अग्रलेखही वाचता येत होता. सगळं राखाडी, दुधात पाणी. साडेसातचा जवळपास बरोबर, पण किंचित जड. सदऱ्याची शिवण हरवत होती.

आणि छत्री? ८०० आणि ४०० वर ती निगेटिव्हमध्ये नुसता एक कोरा, पारदर्शक पट्टा होती. २५० वर मात्र घड्या दिसायला लागल्या. पातळशा, पण दिसल्या. म्हणजे माझ्या हातात, माझ्या मीटरनं, डी-२३ मध्ये ही ४०० ची फिल्म प्रत्यक्षात २५० ची होती.

दुसरा रोल पूर्ण २५० वर काढला, सात मिनिटं धुतला. काकांनी पेपरवर ठेवला, वाकून पाहिलं आणि एक बातमी हळूहळू वाचून दाखवली. पाणीकपातीची होती. ‘‘बास. हे लिहून ठेव,’’ म्हणाले.

वहीत लिहिलं : एचपी फाइव्ह प्लस, २५०, डी-२३, चोवीस अंश, सात मिनिटं. एका ओळीमागे दोन रोल, दोन लिटर डेव्हलपर, तीन आठवडे.

शेवटची संध्याकाळ

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरची सोळा माणसं गॅलरीत जमली. खोल्यांमधून बांधाबांध झालेली, मोरीतले पितळी हंडे गोणपाटात गेलेले. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ २.८, एक-पंधरांश सेकंद. इतक्या वेळात माणूस हलला तर फोटो हलतो. मी सांगितलं, ‘‘सगळे श्वास सोडा आणि तसेच थांबा.’’ एरवी कधीही गप्प न बसणारी आमची गॅलरी त्या दिवशी पंचवीस-तीस वेळा गप्प बसली. पुश न करण्याची किंमत म्हणायची ती. पण मला वाटतं, ती शांतता फोटोत आली.

आजी उंबरठ्यावर बसली होती. मागे खोलीतला दिवा काढलेला, त्यामुळे नुसता अंधार. अंगावर पांढरं पातळ. काळं आणि पांढरं, माझ्या टेस्टमधली छत्री आणि सदरा, तिथे एकत्र होते. फरक एवढाच, की ही टेस्ट पुन्हा घेता येणार नव्हती.

रोल मी दुसऱ्या दिवशी, भाड्याच्या घराच्या बाथरूममध्ये धुतले. तिथलं पाणी तेहतीस अंशांचं निघालं. बर्फ थोडा जास्त लागला, इतकंच. चोवीस ते चोवीस. सात मिनिटं ती सातच मिनिटं. त्या सात मिनिटांत मला अजिबात धाकधूक वाटली नाही, असं म्हणणार नाही. पण ती धाकधूक अंदाजाची नव्हती. परीक्षेत पेपर माहितीचा निघाल्यावर होते, तशी होती.

स्कॅन करून दोन फुटी प्रिंट काढून घेतली. आईनं आधी नाक लावून रवा शोधला. ‘‘आहे, पण बारीक आहे. चालेल,’’ म्हणाली. आमच्याकडे हीच ऑस्करची भाषा.

आजीनं मात्र स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही. तिनं बोट ठेवलं ते अंधाराच्या कडेवर. तिथे उंबरठ्याचं लाकूड दिसत होतं, मधोमध झिजून खोलगट झालेलं. एकसष्ट वर्षांच्या येण्याजाण्यानं. ‘‘हे दिसतंय की गं,’’ ती म्हणाली. २५० ऐवजी ४०० वर काढला असता, तर तिथे फक्त काळं आलं असतं. आणि मिनिटं जास्त झाली असती, तर तिच्या पातळाच्या चुण्या गेल्या असत्या. ती चाळ आता पत्र्यांच्या कुंपणाआड गेलीय.

परवा नागपूरच्या एका मित्राचा मेसेज आला, ‘तुझं डी-२३ चं टायमिंग सांग ना, डायरेक्ट वापरतो.’ मी सांगितलं, ‘सात मिनिटं. पण ती माझी आहेत. तुझ्याकडचं पाणी किती अंशांवर आहे ते आधी बघ.’

त्याला वाटलं, मी भाव खातेय. तसं नाही हो! आपल्या पिढीला सगळ्याचं टायमिंग आयतं सांगणारे भरपूर आहेत. नोकरी कितव्या वर्षी बदलायची, घर कधी बुक करायचं, ‘सेटल’ कधी व्हायचं. ते सगळे चार्ट खोटे नसतात. ते कुणाच्या तरी पाण्यात बरोबर आलेले असतात. तिथून सुरुवात करायला हरकत काहीच नाही. फक्त पुढची दोन-तीन मिनिटं इकडची की तिकडची, ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

करून बघायचंय?

• चार्टमधली वेळ ही सुरुवात समजा. ती, त्यापेक्षा वीस टक्के कमी आणि वीस टक्के जास्त, अशा तीन टेस्ट करा.

• तापमान असं निवडा, की मे आणि डिसेंबर दोन्हीत ठेवता येईल. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी त्याच्या आसपास ठेवा. एकदम थंड-गरम नको.

• वेळ पाच मिनिटांच्या खाली येत असेल, तर तापमान कमी करा किंवा डेव्हलपर पातळ करा. पातळ केल्यावर धार वाढते, पण रवाही थोडा जाड होतो.

• आधी सावल्या बघून स्पीड ठरवा, मग पांढरं बघून मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

• हायपो तपासायला फिल्मच्या टोकाचा तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवा.

• महत्त्वाचा रोल टेस्टनंतरच धुवा. आणि वही ठेवा!